जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता कट वाजतो, बदलायचा का?

प्रश्न
नमस्कार मंडळी, माझा तीन सिलिंडरचा जुना डिझेल ट्रॅक्टर आहे, पंधरा दिवस झाले सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) त्रास देतोय. चावी फिरवली की एकच ‘कट’ वाजतं आणि डॅशबोर्डचा लाईट एकदम मंद होतो, मग चार-पाचदा चावी मारली की कधीतरी उचलतो आणि इंजिन गरम असलं की तर अजूनच जड फिरतो. बॅटरी सहा महिन्यांपूर्वीच टाकलीय. सध्या उतारावर उभा करतोय पण शेतात मधेच बंद पडला तर धक्का मारायला माणसं कुठून आणू? मेकॅनिक म्हणतो सेल्फ गेला, नवीन टाक. घरच्या घरी बदलता येईल का, की आधी अजून काही बघावं? पाने आहेत, मल्टीमीटर पण आहे पण वापरायची फारशी सवय नाही.

उत्तर १
दादा सेल्फ खोलायच्या आधी अर्धा तास वायरींना द्या. डिझेलचा सेल्फ इंजिन फिरवताना काही शे अँपिअर ओढतो, एवढ्या करंटला टर्मिनलवरचा पातळसा पांढरा थर पण अडवतो. लाईट मंद होतोय म्हणजे बॅटरी, टर्मिनल नाहीतर अर्थिंग (बॅटरीची मायनस बॉडीला जोडणारी पट्टी) यातलं काहीतरी, किंवा सेल्फ आतून जाम होतोय.
मीटर डीसी २० वर ठेवा. बंद ट्रॅक्टरला बॅटरी १२.६ च्या आसपास पाहिजे. मग गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढा, डिझेल बंद करायचा नॉब ओढून धरायला लावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पिना बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवायच्या, क्लॅम्पवर नाही, नाहीतर खुंटी आणि क्लॅम्पच्या मधला दोष दिसतच नाही. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर नाहीतर सेल्फ जास्त करंट खातोय. नंतर एक पिन मायनसच्या खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर, तसाच सेल्फ मारा, अर्धा व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग खराब. प्लसची खुंटी ते सोलेनॉइडचा (सेल्फवरचा मोठा करंट जोडणारा स्विच) जाड बोल्ट, तिथंही हेच करा. आकडे टाका इथं.

प्रश्नकर्ता
केलं दादा. बॅटरी १२.५, सेल्फ मारताना १०.८. प्लसच्या बाजूला ०.३ आणि अर्थिंगला १.९!! पट्टी सोडवली तर खाली चेसिसवर रंगाचा थर आणि त्याच्यावर गंज, मागं कुणीतरी रंग मारताना बोल्ट न काढताच मारलेला दिसतोय. घासून पत्रा पांढरा केला, पट्टी नवीन टाकली, आता ०.२ येतं. थंड असताना पहिल्या चावीला उचलतो. पण गरम झाल्यावर अजूनही ओढत ओढतच फिरतो आणि तेव्हा बॅटरी ९.२ पर्यंत उतरते, थंड असताना असं होत नाही.

उत्तर २
अर्थिंगचं काम झालं ते बरंच झालं, नाहीतर नवीन सेल्फ टाकूनही तीच रड राहिली असती. आता मात्र दोष सेल्फमध्येच वाटतो. वायरी चांगल्या, बॅटरी नवीन, तरी व्होल्टेज पडतंय आणि फिरतोय हळू म्हणजे आर्मेचर (सेल्फच्या आतला फिरणारा भाग) कुठंतरी घासतंय. बहुतेक त्याची टोकं धरणारे बुश झिजलेत. खोलल्यावर आर्मेचरवर एका अंगाला घासल्याची चकाकी दिसेल. तेवढंच असेल तर बुश आणि कार्बन (आर्मेचरला घासून करंट देणारे तुकडे) बदलून तो सेल्फ बरीच वर्षं चालेल, वायंडिंग जळल्याचा वास असेल तर मात्र दुसराच टाका.
काढताना बॅटरीची मायनस वायर सगळ्यात आधी काढायची. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला की सरळ शॉर्ट. लावताना उलटं, मायनस शेवटी. वायरींचा फोटो काढून ठेवा. सेल्फ जड असतो, शेवटचा बोल्ट काढायच्या आधी खालून हात द्या आणि बॉडी आणि सेल्फच्या मधे पातळ पत्रा निघाला तर जपून ठेवा, तो परत तिथंच बसतो, त्याच्यावरच बेंडिक्सचं (इंजिनच्या मागच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या दातांत अडकणारं सेल्फचं छोटं दातेरी चाक) अंतर ठरतं.
नवीन घेताना जुना सोबत न्या. बेंडिक्सचे दात मोजा, भोकं जुळवा, फिरायची दिशा आणि १२ व्होल्ट बघा. नुसतं मॉडेल सांगून आणलेला बसेलच असं नाही. सोलेनॉइडच्या जाड बोल्टला दोन नट असतील तर आतला पान्यानं धरूनच बाहेरचा आवळा, नाहीतर अख्खा बोल्ट फिरतो आणि आतलं कनेक्शन तुटतं.
सेल्फ बाहेर आहे तोवर भोकातून टॉर्च मारून फ्लायव्हीलची दातेरी रिंग बघा, हाताने इंजिन फिरवत पूर्ण बघा. इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनवर येऊन थांबतं, म्हणून तीन सिलिंडरला दात तीनच जागी जास्त झिजतात. एकच जागा बघून रिंग चांगली आहे म्हणू नका.

उत्तर ३
एक हात जोडून सांगतो भाऊ, तोवर मागच्या चाकापुढं उभं राहून स्क्रूड्रायव्हरनं सोलेनॉइड शॉर्ट करून चालू करायचं नाही. सगळे करतात, मी पण करायचो. त्यात न्यूट्रलचा स्विच बायपास होतो, गिअर पडलेला असला तर इंजिन पकडताच ट्रॅक्टर पुढं येतो आणि चाक थेट अंगावर. माझ्या डोळ्यादेखत झालंय, माणूस वाचला पण पाय गेला. आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मधे अर्धा-एक मिनिट थांबा, वायंडिंग तापून जळतं.

प्रश्नकर्ता
काल खोलला. मागचा बुश एका बाजूनं अंडाकृती झालाय आणि आर्मेचरवर बोटभर रुंद चकचकीत पट्टा, अगदी तुम्ही म्हणालात तसाच. कार्बन पण स्प्रिंगपर्यंत आलेले. वायंडिंग ठीक वाटलं म्हणून बुश, कार्बन नवीन टाकले, कॉम्युटेटर (आर्मेचरवरचा, कार्बन टेकतात तो तांब्याचा भाग) पॉलिश पेपरनं घासला. रिंग तिन्ही जागी बघितली, एका ठिकाणी दातांची टोकं बोथट झालीत पण बेंडिक्स पकडतोय. बसवून गरम इंजिनवर मारून बघितलं, बॅटरी १०.६ च्या खाली जात नाही. पत्र्याची शिम आठवणीनं परत टाकली. दादा, ही बोथट रिंग किती दिवस चालवू, की क्लच खोलायची वेळ येईल तेव्हाच बदलू?

उत्तर २
क्लच खोलाल तेव्हाच बदला, नुसत्या रिंगसाठी ट्रॅक्टर मधून फोडू नका. पण सेल्फ मारताना कर्रर्र आवाज यायला लागला तर थांबू नका, तो बेंडिक्सचे दातही खाईल.