मदत हवी आहे: नेव्हल संत्र्याच्या कोवळ्या फळांना लचके, पानांना भोकं

ठिकाण: सॅन होआकिन व्हॅली, कॅलिफोर्निया. परसात नेव्हलची दोन झाडं. पाकळ्या गळून आठवडा झाला, फळं वाटाण्याएवढी. बऱ्याच फळांचा एकेका जागी लचका तोडलाय, कोवळ्या पानांना मधोमध भोकं. फांदीवर बिनपंखी हिरवी पिल्लं आहेत; मिशा अंगापेक्षा लांब, त्यांवर काळे-पांढरे पट्टे. शोधून पाच-सहाच सापडली. एवढ्यांनी इतकं नुकसान होईल? फवारू का?

प्रतिसाद १
होतं. हा कॅटिडिड, म्हणजे लांब मिशांचा टोळासारखा हिरवा कीटक; शास्त्रीय नाव स्कडेरिया फर्काटा. मोठ्या नराच्या शेपटीला बेचकं असतं, पिल्लं मात्र त्या पट्टेरी मिशांवरूनच ओळखायची. एक पिल्लू एक फळ संपवत नाही. एक घास घेतं आणि पुढच्या फळावर जातं. म्हणून मोजकी पिल्लंही खूप फळं डागाळतात. फळ वाढतं तसा व्रणही ताणून मोठा, गोल आणि गुळगुळीत होतो. डाग सालीपुरता, आतला गर खायला चांगला. देठाभोवती कड्यासारखा चट्टा असेल तर मात्र ते काम फुलकिड्यांचं.

पाकळ्या गळल्यानंतरचे काही आठवडेच खरे जोखमीचे. रोज पहाटे, गारव्यात पिल्लं सुस्त असताना, फांदीखाली पांढरी चादर धरा, फांदी काठीने दोन-तीनदा झटका आणि पडलेली पिल्लं साबणाच्या पाण्यात टाका. ऊन चढलं की ती उड्या मारून निसटतात. दोन झाडांना एवढं पुरतं. जहाल औषध अजिबात नको: मित्रकीटक मरतात, मग खवलेकीड आणि कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) उसळतात. आसपास फुलोरा असेल तर मधमाश्याही जातात.

धागाकर्ता
आभार. पुढच्या वर्षी येऊ नयेत म्हणून?

प्रतिसाद २
अंडी हिवाळाभर पानातच असतात. मादी पानाच्या कडेला चीर पाडून वरच्या आणि खालच्या पापुद्र्यामध्ये चपटं अंडं सरकवते. पान उजेडासमोर धरून कड चिमटीत फिरवा, फुगीर ठिपका बोटाला लागतो. अशी पानं हिवाळ्यातच तोडून टाका.

डहाळीवर कौलांसारखी एकावर एक चढलेली करड्या अंड्यांची रांग दिसली तर ती दुसऱ्या जातीची, रुंद पंखांच्या कॅटिडिडची. तो मुख्यतः पानंच खातो. त्या अंड्यांच्या कुशीला गोल भोक असेल तर आतून परजीवी गांधीलमाशी बाहेर पडलेली असते. ती रांग तशीच राहू द्या.