मदत हवी आहे : रंगमंचावर फटक्यांची शिक्षा कशी उभी करायची?

नमस्कार मंडळी, 'हर्मायनी' या ब्रिटिश फ्रिगेटवरच्या (शिडाच्या युद्धनौकेवरच्या) सप्टेंबर 1797 च्या बंडावर एकांकिका बसवतोय. मागच्या डोलकाठीवरून घाईत उतरताना तीन पोरं पडून मेली आणि कॅप्टन ह्यू पिगॉटने त्यांना समुद्रात फेकून द्यायला सांगितलं. दुसऱ्याच रात्री बंड झालं. आम्हाला त्याआधीचा फटक्यांचा प्रसंग अचूक दाखवायचा आहे.

क्रम पक्का आहे. सगळ्यांना डेकवर बोलावणं, बंदूकधारी मरीन (जहाजावरचे सैनिक) रांगेत, कॅप्टन युद्धनियमांतलं कलम वाचताना सगळ्यांच्या टोप्या हातात. मग डेकच्या झाकणाची लाकडी जाळी उभी करून कैद्याचे हात तिला बांधायचे, शर्ट उतरवायचा. बोसनचा मेट (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचा मदतनीस) पिशवीतून नऊ शेपट्यांचा चाबूक काढतो. बाजूला सर्जन उभा. नियमानं कॅप्टनला स्वतःच्या अधिकारात बारा फटके, पण हा आकडा सर्रास ओलांडला जायचा.

अडचण जाळीची आहे. साधारण पाच बाय चार फुटांची सागवानी जाळी खूप जड होते, आणि कलाकार हातांना लोंबकळला की पुढे कलंडते. भाड्याच्या थिएटरात खिळे ठोकता येत नाहीत. मागून तिरके टेके आणि वाळूची पोती पुरतील का, की पाया रुंद करावा?

दुसरं, चाबकाला सुती दोरी जोरात लागते आणि लोकरीच्या धाग्याचा आवाजच होत नाही. कुणी काय वापरलंय? आवाज विंगेतून द्यायचा असेल तर टायमिंग कसं जुळवता? प्रयोग जवळ आलाय, कृपया सविस्तर सांगा.