हेवी ड्यूटीला मराठीत काय म्हणाल?

कडीपत्ता: मदत हवीय. शेतातल्या पंपाच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय, दर दोन ओळींनी 'हेवी ड्यूटी मोटर' येतंय. मी आपलं 'दणकट' केलं, तर काम देणारे म्हणतात दणकट म्हणजे नुसती जाड पत्र्याची, आणि स्वतः सुचवलं काय, तर 'अवजड कर्तव्याची मोटर'. उद्या दुपारपर्यंत द्यायचंय हो.

बिनकामाचा: अवजड कर्तव्य म्हणजे पंगतीत जिलबी वाढणं.

वाइंडिंगवाला: हसू नका, ते निम्मे बरोबर आहेत. ड्यूटी म्हणजे मोटरनं किती लोडवर किती वेळ चालायचं ते. प्लेटवर एस१ असेल तर सतत चालवा, एस२ असेल तर ठरावीक मिनिटं चालवून गार होऊ द्या. मिक्सरवरपण लिहिलेलं असतं बघा, इतकी मिनिटं चालू इतकी बंद. माझ्याकडे ओतीव बॉडीच्या मोटरी येतात, चार माणसांनी उचलाव्या अशा, आणि आतली वायर जळून काळी ठिक्कर. थ्री फेज मिळते रात्रीची, माणूस चालू करून झोपतो, ती आठ तास ओढते. बॉडी दणकटच होती की!

ओसरी: मग 'मजबूत' लिही, सगळ्यांना कळतं.

शब्दप्रामाण्य: मजबूत मराठी नाही. 'भारक्षम' लिहा.

ओसरी: मजबूत अरबीतून फारसीमार्गे आलाय, माहितीय. 'जप्त' पण त्याच धातूचा. उद्या घरावर जप्ती आली तर काय म्हणाल, शुद्ध मराठीत आणा? फारसी-अरबी शब्दांना पर्याय द्यायला शिवाजी महाराजांनी करवून घेतलेला राज्यव्यवहारकोश होऊन साडेतीनशे वर्षं होत आली, तरी आपण फौज आणि किल्ला म्हणतोच ना.

शब्दप्रामाण्य: महापौर, दिग्दर्शक हे सावरकरांचे शब्द तुम्ही रोज वापरता, तेव्हा नाही हसत.

ओसरी: ते रुळले म्हणून वापरतो. भारक्षम ऐकून शेतकरी विचारेल, पोती ठेवायची का पंपावर?

माजघर: आमची आजी दणकट फक्त म्हशीला म्हणायची. भिंत भक्कम, लुगडं टिकाऊ, जून गवार चिवट आणि माणूस काटक. आजोबा चाळीस किलोचे असतील, पण सत्तरीत विहिरीत उतरून गाळ काढायचे. मला तर हेवी ड्यूटी म्हणजे काटकच वाटतं.

बिनकामाचा: काटक मोटर! घेतली मी. बाकी दणका सोसतो तो दणकट, अशी आपली व्युत्पत्ती.

माजघर: दणका देतो तो. म्हैस पाहिली नाहीस वाटतं जवळून.

शब्दप्रामाण्य: -कट प्रत्यय बघा. मळकट, तेलकट, पोरकट. त्यात दणक्याचा क कुठून आणणार?

ओसरी: आणि बळकट? दण असं वेगळं काय असतं मग?

कडीपत्ता: अहो माझी मोटर राहिली.

वाइंडिंगवाला: किती एचपीची? वाइंडिंग तांब्याचं का अ‍ॅल्युमिनियमचं ते आधी विचारून घे ताई, मग शब्द ठरवू.

माजघर: गवार जून झाली की चिवट म्हणतात का चामट? आई आत्ता चामट म्हणाली.