गावात न मिसळणाऱ्याच्या दारात पालखी न्यायची की नाही?

आगरातला
आमची वाडी दापोली तालुक्यात. वाडीच्या टोकाला एक गृहस्थ एकटेच राहतात, वय सत्तरच्या आसपास. गिरणी बंद पडल्यावर मुंबई सोडून आले ते कायमचे. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. पण सत्यनारायणाला येत नाहीत, गावकीच्या बैठकीला येत नाहीत, वर्गणी मागायला गेलं तर दार उघडत नाहीत. गेल्या शिमग्याला देवाची पालखी अंगणात उभी असताना ते आतच बसून राहिले. ओटी भरली गेली नाही. ते गावाच्या फार जिव्हारी लागलं.

परवा सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या जागी, बैठक झाली. तीन-चार जाणते म्हणाले, यंदा त्यांच्या दारात पालखी न्यायचीच नाही. मी विरोध केला. २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याची आठवण करून दिली. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि असल्या निर्णयाला मदत करणाराही सुटत नाही. लगेच उत्तर आलं, "आम्ही कुठे वाळीत टाकतोय? तोच आमच्यात येत नाही." त्यावर मला बोलता आलं नाही. पण मन मानत नाही म्हणून इथे विचारतोय.

सड्यावरचा
मी तुमच्या जाणत्यांच्या बाजूने आहे, आणि का ते नीट सांगतो. आमच्या वाडीत घरं साठ, त्यातली उघडी बावीस. त्यात साठीच्या आतले पुरुष मोजायला बोटं उरतात. पावसात ओढ्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, वाहून गेला तर घरटी एक माणूस येतो म्हणून तो परत उभा राहतो. विहिरीचा गाळ, पाखाडी म्हणजे दगडी पायवाट, वाटेवर पडलेलं झाड, सगळं तसंच.

तीन वर्षांपूर्वी जुलैत एक म्हातारी गेली. स्मशानाला शेड नाही, लाकडं ओली, पाऊस तुफान. खांद्याला चौथा माणूस मिळेना. वाडीत धडधाकट एकजण घरात होता, तो आला नाही. शेवटी सोळा वर्षांच्या मुलाने खांदा दिला. त्या घराबद्दल लोक कडू बोलतात ते दुष्टपणाने बोलत नाहीत. त्याच पाखाडीवरून तोही चालतो. गाव म्हणजे कुणाच्या बापाची सोसायटी नव्हे की देखभाल खर्च भरला आणि दार लावून घेतलं.

माहेरवाशीण
सड्यावरचा, तुमचा राग खरा आहे. पण एक विचारते. दार आधी कुणी लावलं, हे कुणी पाहिलं आहे का?

माझी एक आत्या होती. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, बारशाला बोलावलं तरी पाळण्यापाशी जायचं नाही. मग शेजारची म्हैस आटली आणि कुणीतरी तिच्या नजरेचं नाव घेतलं. बैठक झाली नाही, ठराव झाला नाही, दंड नाही. फक्त ती पाणवठ्यावर गेली की बायका कळशा उचलून निघायच्या. दोन वर्षांनी तिने जाणंच सोडलं. त्यानंतर गावाने तिला माणूसघाणी ठरवलं. क्रम नीट बघा. मी लहान होते, पण तिच्याकडे जाऊ नको असं मलाही सांगितलेलं आठवतं, आणि मी ऐकलं. त्याचं वाईट अजून वाटतं.

कायदा ठरावाला धरतो. उचललेल्या कळशीला कसा धरणार?

पाटाचं पाणी
दापोलीचंच उदाहरण. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. सख्ख्या आईच्या घरीही मोकळेपणी उतरता येईना. तोच माणूस १९५८ ला भारतरत्न झाला आणि आज मुरुडची ओळखच कर्व्यांचं गाव अशी आहे. बैठकीत बसलेल्यांना त्या दिवशी आपण धर्म राखतोय असंच वाटत होतं ना?

सड्यावरचा
कर्वे मध्ये आणू नका. त्यांनी एका विचारासाठी गावाचा रोष पत्करला. हे गृहस्थ कसल्या विचारासाठी खांदा द्यायला येत नाहीत?

आणि जुन्या रीतीत परत यायला वाट तरी होती. पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली चहा घेतल्याचं प्रकरण झालं तेव्हा टिळकांनी आणि रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं आणि विषय संपला. आज जो बाहेर गेला तो गेलाच. माहेरवाशीण यांच्या आत्याला कुणी "ये" म्हणालं नाही, हे चूकच. पण "ये" म्हटलं तर यायला पण हवं.

पाटाचं पाणी
ती परतीची वाट फुकट नव्हती. जातपंचायतींनी दंडाच्या नावाखाली माणसं कर्जात घातली आहेत, म्हणून तर दाभोलकरांना २०१३ मध्ये जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडावी लागली. आणि विचार नसलेल्या माणसाला एकटं राहायचा हक्क नाही का? कर्वे मोठे होते म्हणून त्यांचं आपण आज मान्य करतो. तुमच्या टोकाच्या घरातला म्हातारा कधीच मोठा होणार नाही. त्याला तरीही सोडायचं का, प्रश्न तो आहे.

चाकरमानी
मी परळला वाढलो, गावचं घर आहे. शिमगा आणि गणपती, वर्षातून दोनदा येतो. बाकी वर्षभर आमच्या दाराला कुलूप. साकवाला मी कधी हात लावलेला नाही, मयताला तर पोचणंच शक्य नसतं. तरी मला कुणी माणूसघाणा म्हणत नाही. गाडीतून उतरलो की पालखी नाचवायला पहिला खांदा मला देतात. का? वर्गणी वेळेवर येते म्हणून.

सड्यावरचा, तुमचा हिशोब खरा श्रमाचा असेल तर माझं नाव त्या म्हाताऱ्याच्या वर लिहा. तो निदान रात्री वाडीत दिवा लावतो.

सड्यावरचा
हे लागलं. खोटं बोलत नाही, यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडेही अडतीस कुलपं आहेत आणि त्यांच्यावर कुणी बैठक बोलावत नाही.

आगरातला
काल संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन आलो. पडवीत नारळ सोलत होते. बैठकीचं सांगितलं. का येत नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "पालखी येऊ दे अंगणात. मी आत असेन." एवढंच. निघताना दोन सोललेले नारळ हातात ठेवले.

घरी आल्यावर बायको म्हणाली, त्या अंगणात ओटी मी भरेन, नारळ त्यांचेच आहेत. उद्या सहाणेवर हे सांगणार आहे. मानकरी काय म्हणतील माहीत नाही.

सड्यावरचा
वहिनींनी भरली तर पालखी जरूर थांबावी. मी तुमच्या गावात असतो तर आता हात वर केला असता. पण जुलैत खांद्याला कोण, ते माझं अजून सुटलेलं नाही. चाकरमानी, तुम्ही वाचताय ना?

चाकरमानी
वाचतोय. जुलैत रजा मिळत नाही, हे खरं. पण साकवाच्या कामाला मे महिन्यात दहा दिवस येतो. माझ्या वाडीच्या साकवाला.