मदत हवी आहे: रोहू-कटल्याला किती टक्के प्रोटीनचं खाद्य द्यावं?

नमस्कार मंडळी. इंदापूर तालुक्यात आमचं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे. रोहू, कटला आणि थोडा मृगळ सोडलाय. सुरुवातीपासून शेंगपेंड आणि भाताचा कोंडा निम्मे-निम्मे भिजवून गोळे करून देतोय. मासा ३०० ग्रॅमच्या आसपास आला आणि आता वजनच धरत नाही. घरी खायला रोहू कापला तर आतड्याभोवती पिवळट चरबीचा हा थर! पाठीवर मात्र मांस बेताचंच. व्यापारी "माल ढिला आहे" म्हणत भाव पाडतो.

खाद्यवाला म्हणतो, ३२ टक्केवालं तरंगतं खाद्य घ्या. गोणीमागे फरक चांगलाच आहे. आमचे एक पाहुणे २४ टक्केवाल्यावरच खूश आहेत, त्यांचं तळं मातीचं. कुणाचं ऐकू? आणि प्रोटीन वाढवलं की चरबी कमी होते का?

प्रतिसाद १
पाहुण्यांचंही बरोबर आहे, पण त्यांच्या तळ्यापुरतं. शेणखत पडलेल्या मातीच्या तळ्यात प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) भरपूर, आणि त्यात प्रोटीन दाबून असतं. वरचं खाद्य हलकं असलं तरी भागतं. प्लास्टिकच्या तळ्यात ही फुकटची खानावळ फारशी चालत नाही, मासा तुमच्या गोणीवरच जगतो.

आता तुमचा हिशोब. शेंगपेंडीत साधारण ४०-४५ टक्के प्रोटीन, कोंड्यात १२-१३. निम्मे-निम्मे म्हणजे २६ ते २९. आकडा वाईट नाहीच! अडचण दुसरीकडे आहे. शेंगपेंडीत लायसिन आणि मेथिओनिन हे प्रोटीनचे आवश्यक घटक (अमिनो आम्लं) कमी. ते पुरेसं नसेल तर बाकीच्या प्रोटीनचं मांस होत नाही, ते ऊर्जा म्हणून जळतं. त्यात घाण्याची पेंड आणि तेल न काढलेला कोंडा असेल तर तेलही भरपूर. उरलेली ऊर्जा चरबी होऊन पोटात बसते. पेंडीतली निम्मी काढून सोयापेंड घाला, लायसिनची बाजू सावरेल. कोंडा तेल काढलेला घ्या. पेंडीला बुरशीचा वास आला तर ती गोणी सरळ परत, बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, माशाचं यकृत खातं.

३२ टक्के बोटुकलीला (बोटाएवढ्या पिल्लाला) ठीक. ३०० ग्रॅमच्या माशाला २५-२८ पुरे. जास्तीचं प्रोटीन कल्ल्यांतून अमोनिया होऊन पाण्यातच येतं, म्हणजे पैसे देऊन पाणी खराब करायचं. अमोनिया आणि सामू (pH) दुपारी तपासा. हिरव्या पाण्याचा सामू तेव्हा चढलेला असतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो.

धागाकर्ता
आभारी आहे, पेंड घाण्याचीच आहे. आणखी एक, २८ टक्के लिहिलेल्या गोणीत खरंच २८ असतं का, हे कसं कळावं?

प्रतिसाद २
प्रयोगशाळेत नमुना द्या. पण तिथे नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात, तेच 'क्रूड प्रोटीन'. कुणी युरिया मिसळला तरी आकडा फुगतो. म्हणून युरियाची तपासणी वेगळी मागा. आणि फेकजाळं टाकून पंधरवड्याला वीसेक मासे तोला, रोजचं खाद्य तळ्यातल्या माशांच्या एकूण वजनाच्या २-३ टक्केच ठेवा. थंडीत त्याहूनही कमी.