वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर: रुग्णालयातला मुक्काम आणि पहिला घास

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की लोक किती किलो उतरले एवढीच चौकशी करतात. भूल उतरल्यापासून पहिला चावून खाल्लेला घास पोटात जाईपर्यंतचे चार-सहा आठवडे कसे जातात, हे मात्र दाखल होण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत मला कोणीही नीट सांगितले नव्हते. हातात दिलेल्या कागदावर ‘द्रव आहार, १५ दिवस’ अशी एक ओळ होती. त्या ओळीत काय काय दडलेले असते, ते ज्यांनी सोसले किंवा जवळून पाहिले त्यांनी इथे लिहावे, म्हणून हा धागा. शस्त्रक्रिया करावी की नाही हा वाद आणि आधी-नंतरची छायाचित्रे कृपया नकोत. सुरुवात मी करते.

पुणे, स्लीव्ह, वय ४३

जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवतात, ती माझी शस्त्रक्रिया. शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा खांदा अधिक दुखत होता आणि टेबलावर हात वेडावाकडा पडला असावा असे मला वाटले. सिस्टरांनी सांगितले की दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याचा उरलेला अंश श्वासपटलाला डिवचतो, आणि श्वासपटलाची नस मानेतून खाली येत असल्यामुळे दुखणे खांद्यावर उमटते. त्यावर उपाय एकच, चालणे. चार तासांनी मला उठवले. एका हातात सलाईनचा स्टँड, कमरेला ड्रेनची, म्हणजे पोटातला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीची, पिशवी, मांड्यांपर्यंत घट्ट पांढरे मोजे आणि मागून उघडा राहणारा गाऊन, अशा थाटात कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीपर्यंत जाऊन यायचे. मोजे आणि चालणे दोन्ही पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असते, हे कळल्यावर लाज जरा कमी झाली. श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचे एक यंत्र देतात. पहिल्या संध्याकाळी माझा एकच चेंडू हलला.

दुसऱ्या दिवशी निळे पाणी प्यायला दिले आणि ड्रेनमध्ये निळा रंग उतरत नाही, म्हणजे टाक्यांतून गळती नाही, हे पाहून पाण्याची परवानगी मिळाली. पाणी म्हणजे खोकल्याच्या औषधाबरोबर येते तसल्या मापट्यातले ३० मिली, तेही पंधरा मिनिटांत घोट घोट. मी पडल्या पडल्या हिशेब केला: तासाला १२० मिली, म्हणजे दिवसाचे दीड लिटर पुरे करायला साडेबारा तास. पुढचे दोन आठवडे माझी नोकरी हीच होती. मोबाइलवर दर पंधरा मिनिटांचा गजर लावला होता, आणि तो वाजला की घरातले सगळे एकदम माझ्याकडे बघत.

नाशिक, बायपास, मधुमेह १४ वर्षे

माझी शस्त्रक्रिया जठराचा लहान कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडण्याची. माझा अनुभव साखरेचा आहे. दाखल होताना मी दिवसाला ४६ युनिट इन्सुलिन घेत होतो. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी इन्सुलिनशिवाय साखर १३८ आली, तेव्हा मी सिस्टरांना यंत्र बदलून पुन्हा तपासायला लावले. वजन तर अजून उतरलेलेच नव्हते. डॉक्टरांनी समजावले की एक तर खाणे जवळजवळ थांबलेले असते, आणि बायपासमध्ये अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचल्याने तिथून स्रवणारी संप्रेरके बदलतात, त्यामुळे साखर आधी सुधारते आणि वजन मागाहून उतरते.

इथपर्यंत आनंदीआनंद होता. घरी आल्यावर मात्र मधुमेहाची जुनी गोळी नव्या यादीत नाही, ती बहुधा लिहायची राहिली असेल, असे समजून आमच्या वहिनींनी ती मला नेमाने दिली आणि मीही घेतली. पाचव्या दिवशी पहाटे घामाने अंथरूण भिजले, हात थरथरू लागले, साखर ५८. खडीसाखर जिभेवर धरून निभावले. घरी जाताना जुन्या औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर उपडी करावी आणि एकेक गोळी दाखवून ‘ही चालू की बंद’ असे विचारावे. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. पाणी कमी जात असताना लघवी वाढवणारी गोळी चालू राहिली तर उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते.

कोल्हापूर, रुग्णाचा सोबती

ऑपरेशन हिचे, मुक्काम दोघांचा. सोबत्याच्या बाकाची लांबी साडेपाच फूट आणि माझी सहा, त्यामुळे तीन रात्री मी बहुतेक जागाच होतो. तिला घोरण्याचा विकार होता, झोपेत श्वास थांबत असे, म्हणून घरचे श्वासाचे यंत्र बरोबर आणायला सांगितले होते. ते आम्ही आणले आणि त्याची वायर घरी विसरलो. रात्री दहाला मेहुण्याने ती मोटारसायकलवरून आणून दिली.

खरी परीक्षा घरी आल्यावर होती. तिच्यासमोर जेवायला नको म्हणून आम्ही फोडणी देणेच बंद केले आणि चार दिवस सगळे मुकाट्याने दहीभात खात राहिलो. पाचव्या दिवशी तिनेच सुनावले की भूक मला लागत नाही, पण तुमची ही सुतकी तोंडे बघवत नाहीत, आमटी करा. भूक लागत नाही हे खरेच होते, कारण भुकेचा एक संदेश देणारे संप्रेरक ज्या भागात मुख्यतः तयार होते, तो जठराचा भाग काढून टाकलेला असतो. भेटायला येणाऱ्यांचे काय करावे हे मात्र कोणी सांगत नाही. आत्याबाई डब्यात साजूक तुपातला शिरा घेऊन आल्या आणि ‘दोन चमचे तरी खा गं’ म्हणून हटून बसल्या. मी त्यांच्यासमोर ३० मिलीचे मापटे ठेवले आणि सांगितले की सध्या हिचे पोट एवढे घेते. त्या कितीतरी वेळ ते मापटे हातात फिरवत राहिल्या. शिरा मी खाल्ला.

ठाणे, स्लीव्ह

माझे सगळे सुरळीत झाले नाही, तेही इथे असावे म्हणून लिहिते. नवव्या दिवसापासून घोटभर पाणीसुद्धा उलटून पडू लागले. रुग्णालयाने दिलेल्या क्रमांकावर दोनदा फोन केला, आणि दोन्ही वेळा ‘सुरुवातीला असे होतेच, हळू प्या’ एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी लघवी चहाच्या रंगाची झाली, उठताना तोल जाऊ लागला, तेव्हा नवऱ्याने न विचारता गाडी काढली. तपासणीत शरीरातले पाणी बरेच कमी झालेले आणि जठराची नळी सुजून अरुंद झालेली निघाली. चार दिवस पुन्हा सलाईनवर होते. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी ग्लुकोजचे सलाईन लावण्याआधी ब-१ जीवनसत्त्वाचे, म्हणजे थायमिनचे, इंजेक्शन दिले. शरीरातला त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरणारा असतो, सततच्या उलट्यांत तो संपतो, आणि मग तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, विसर पडणे असा मेंदूचा त्रास सुरू होऊ शकतो. आधी ग्लुकोज गेले तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते.

फोनवरच्या माणसाला दोष द्यायचा नाही, असे मी स्वतःला बरेच दिवस बजावले. आता म्हणते, द्यावा. पाणी टिकत नसेल तर फोन करत बसू नये, उठून जावे. नाडी विश्रांतीतही १२० च्या पुढे, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, धाप, यांपैकी काहीही असले तरी तेच करावे. गळतीची पहिली खूण कित्येकदा नुसती धावणारी नाडी असते, असे त्याच डॉक्टरांनी मला सांगितले.

(ठाण्याच्या ताई, हे लिहिल्याबद्दल आभार. आमच्या कागदावर फक्त ‘ताप आल्यास’ एवढेच होते. नाडी मोजायचे कोणी सांगितले नव्हते.)

नागपूर, बायपास

मी फक्त डिस्चार्जच्या दिवसाविषयी लिहितो. सकाळी अकराला डॉक्टरांनी घरी जा म्हटले आणि संध्याकाळी साडेसातला मी बाहेर पडलो. मधला सगळा वेळ कॅशलेसची मंजुरी अडली होती, कारण विमा कंपनीच्या मते ही सौंदर्योपचाराची शस्त्रक्रिया होती. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये वगळण्याच्या अटी प्रमाणित केल्या, त्यांत शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली, रुग्ण १८ वर्षांचा किंवा त्याहून मोठा, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ व त्यावर असून अनियंत्रित मधुमेह, झोपेतील श्वासरोधाचा तीव्र विकार यांसारखा आजार आणि कमी तीव्र उपायांना आलेले अपयश, असे असल्यास ती वगळता येत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. माझ्या मुलाने ते कलम छापून आणले होते. तो काउंटरवर वाद घालत होता आणि मी लोखंडी खुर्चीवर मापटे धरून बसलो होतो. त्या दिवशी माझे पाणी जेमतेम अर्धा लिटर झाले. कागदपत्रांची भांडणे दाखल होण्याआधी संपवावीत.

लेस्टर, इंग्लंड, स्लीव्ह

इथे सरकारी आरोग्यसेवेतून शस्त्रक्रिया झाली. त्याआधी वजन-व्यवस्थापनाच्या पथकाकडे महिनोन्महिने जावे लागले. यकृत लहान व्हावे म्हणून आधीचे दोन आठवडे दूध आणि दही यांवर काढले. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी घरी पाठवले, बरोबर इंजेक्शनांची खोकी आणि सुया टाकायचा पिवळा डबा. रक्त गोठू नये म्हणून रोज संध्याकाळी ते स्वतःच पोटावर टोचून घ्यायचे. आई सांगलीहून व्हिडिओवर असे, आणि मी सुई हातात घेतली की ती फोन उलटा ठेवून ‘झाले का?’ असे विचारत राही.

रत्नागिरी, स्लीव्ह, वय ५१

पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन घोटलेले, नंतर मऊ, असा माझा क्रम होता. रुग्णालयाच्या तक्त्यात टोमॅटोचे सूप आणि डबाबंद प्रथिनांची पावडर होती. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिने म्हणून पावडर घेतलीच, पण व्हॅनिलाच्या वासाने चौथ्या दिवशी मळमळू लागले, तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंना विचारून ती बिनगोड घेतली आणि कुळथाच्या गाळलेल्या कळणात, ते कोमट झाल्यावर कालवली. उकळत्या कळणात टाकली की गुठळ्या होतात, हे एक पातेले वाया घालवून शिकले. पेजेच्या निवळीत मीठ घालून पहिल्यांदा प्याले तेव्हा, खोटे कशाला सांगू, रडू आले. गोळ्या कुटून घेत होते. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने जी गोळी असते ती भलतीच कडू लागते.

पाचव्या आठवड्यात मासळीची परवानगी मिळाली. सासूबाईंनी ताजा बोंबील नुसत्या हळद-मिठाच्या पाण्यात वाफवला आणि मधला काटा काढून बशीत ठेवला, बोटभर लांबीचा तुकडा. चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढा घेतला, तो तोंडात विरघळेपर्यंत चावत राहिले, मग दोन मिनिटे थांबले. पाणी जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास बंद, त्यामुळे घास उतरवायला घोटाचा आधार नाही. सहावा घास घेतला आणि उचकी लागली. पोट भरल्याची माझी खूण तीच आहे, हे तेव्हा कळले. त्यानंतर एक जरी घास गेला तर छातीत दगड बसतो. बशीत अर्ध्याहून जास्त बोंबील उरला होता. सासूबाईंनी बशी उचलली, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, पंचवीस मिनिटे झाली, आता पाणी सव्वा वाजता.