कामिनो: लेपोएदेर खिंडीच्या उताराबद्दल मदत हवी आहे

मंडळी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कामिनोवर (स्पेनमधल्या सांतियागोला जाणारा पायी यात्रामार्ग) फ्रान्समधल्या सां-झां-प्ये-द-पोरहून स्पेनमधल्या रोन्सेस्व्हायेसला चालत जायचं आहे, साधारण २५ किमी. या टप्प्याची डोंगरावरून जाणारी वाट, म्हणजे नेपोलियन मार्ग, १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असतो, म्हणजे तो नुकताच उघडलेला असेल. चढाची काळजी नाही. वाटेत ओरिसोंच्या यात्री-निवासात मुक्काम केला की तो विभागला जातो. प्रश्न खिंडीनंतरच्या उताराचा आहे. १४३० मीटरवरून जवळपास ९५० वर, बीच झाडांच्या रानातून, ओल्या पाचोळ्यावरून. बोटं बुटाच्या टोकाला आपटून नखं काळी पडतात, म्हणून उतरण्याआधी टाच मागे दाबून घोट्याजवळची नाडी घट्ट आवळायची, एवढं ठरलंय.

पाठीवर ७ किलो असताना उतारावर काठ्या किती सेंटीमीटरने वाढवता? की शेजारच्या इबान्येता खिंडीकडून रस्त्याने उतरणंच गुडघ्यांना बरं? एप्रिलमध्ये उतरलेल्यांनी कृपया सांगा.